बी विंग लोळायला जाते

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुणाजवळ बोलू नका. आमच्या बी विंगमधल्या चांगल्या घरच्या, पन्नाशी गाठलेल्या, एकही श्रावणी सोमवार न चुकवणाऱ्या बायका आठवड्यातून दोनदा, ऐन दिवेलागणीला, जमिनीवर लोळायला जातात. फुकट नव्हे, फी भरून! तीन महिन्यांची आगाऊ, आणि पावतीवर ठसठशीत छापलेलं की भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

याला म्हणतात कंटेंपररी डान्स.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घ्या. हळदीकुंकवाला गेल्या की 'गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही हो' म्हणून हक्काने खुर्ची मागून घेणार. घरची फरशी पुसायला बाई लावलेली, कारण वाकवत नाही. त्या परवा लिफ्टमध्ये भेटल्या तर हातात काय? व्हॉलीबॉलवाले घालतात ती गुडघ्यांची पॅडं. डेकॅथलॉनमधून आणलेली, काळी कुळकुळीत. मी काळजीने विचारलं, 'ऑपरेशन ठरलं का हो?' तर म्हणाल्या, 'छे, आज फ्लोअरवर्क आहे,' आणि तळमजला आल्यावर माझ्या आधी टुणकन बाहेर. मी आपली लिफ्टचं दार धरून उभी.

एकीने सुरुवात केल्यावर बाकीच्या मागे राहतील तर ती आमची सोसायटी कसली! 'मुलाला कुठल्या शाळेत घातलंत' हा प्रश्न मागे पडला, आता 'कुठल्या स्टुडिओत जाता' हे विचारतात. त्यातून आमचं हे कोथरूड. चार इमारती ओलांडल्या की एक पाटी, तिच्यावर 'वेस्टर्न, बॉलिवूड, हिपहॉप, झुंबा, कंटेंपररी' अशी माळ आणि खाली बारीक अक्षरांत 'संगीताचे डान्स बसवून मिळतील'. पहिला क्लास ट्रायल म्हणून फुकट असतो ही बातमी फुटली आणि मग विचारूच नका. ए विंगमधल्या एका बाईंनी अख्खा मार्गशीर्ष नुसत्या ट्रायलवर काढला. कर्वेनगर, वारजे, बावधन, बाणेर. रोज नवा स्टुडिओ, रोज नवं लोळण. नाच किती आला ते देव जाणे, पण कुठे पंखा कुरकुरतो, कुठे दुचाकी लावायला जागा नाही आणि कुठलं टॉयलेट स्वच्छ आहे, याची त्यांच्याइतकी माहिती महापालिकेकडेही नसेल. मीही काही ठिकाणी गेले. नुसती सोबत म्हणून, हं! कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळल्या. आता डोळे तर मिटून घेता येत नाहीत ना?

हे सगळं टीव्हीने केलं, असं माझं ठाम मत आहे. २००९ साली झी टीव्हीवर 'डान्स इंडिया डान्स' सुरू झालं. तोवर आपल्या दिवाणखान्यात नाच म्हणजे कंबर हलली पाहिजे, एवढा साधा हिशेब होता. शामक दावर होते, नाही असं नाही. १९९७च्या 'दिल तो पागल है'च्या नृत्यदिग्दर्शनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्यात माणसं निदान आनंदी दिसायची. या कार्यक्रमात परीक्षक म्हणून टेरेन्स लुईस आले आणि चांगली धडधाकट पोरं पोटावर पडून, आढ्याकडे हात करून, कुठल्यातरी अनाम दुःखात तळमळायला लागली. दुसऱ्या पर्वात, २०१० साली, शक्ती मोहन जिंकली. तिचा हातखंडा याच नाचात. झालं! घरोघरच्या पोरींनी हट्ट धरला, आणि त्यांना क्लासला सोडायला जाणाऱ्या आया बाहेरच्या बाकावर बसून बसून एक दिवस आत शिरल्या.

टीव्हीने आणखी एक खोडी करून ठेवली. दोन-तीन मिनिटांत परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं, तर उड्या हव्यात, गिरक्या हव्यात, कुणाच्यातरी खांद्यावरून सरसर खाली येणं हवं आणि शेवटी एकाने तरी मरायला हवं. तेव्हा निम्म्या स्टुडिओंत शिकवतात ते एवढंच: कोलांट्या, उचलाउचली आणि करुण चेहरा. विशीतल्या, ऑडिशनच्या मागे लागलेल्या पोरांना ते मानवतं. पन्नाशीच्या बाईला पहिल्याच महिन्यात कुणी डोक्यावर उचलून फिरवतो म्हणाला, तर तिने आपली पर्स घेऊन घरी यावं. पर्स माझ्याकडेच असते, लगेच मिळेल.

बरं, या थेरांचं मूळ कुठे, तेही मी शोधून काढलं. इझाडोरा डंकन नावाच्या अमेरिकन बाईने विसाव्या शतकाच्या तोंडावर युरोपात जाऊन बॅलेचे बूट आणि कंबर आवळणारी कॉर्सेट भिरकावून दिली आणि सैल झग्यात, अनवाणी नाचायला लागली. तिकडे हाहाकार. आपल्याला त्यात काय मेलं नवल? आपल्याकडे बूट घालून कुणी कथकला उभी राहिली तर हाहाकार. तिच्यामागून मार्था ग्रॅहॅम. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये हिने स्वतःची मंडळी उभी केली, ओटीपोट आत खेचायचं आणि सोडायचं यावर सगळी पद्धत रचली आणि बायकांना जमिनीवर बसवलं, पाडलं, पुन्हा उठवलं. १९३०च्या 'लॅमेंटेशन'मध्ये तर ती बाकावर बसूनच नाचते. अंगावर जांभळ्या ताणणाऱ्या कापडाची नळी, बाहेर फक्त चेहरा, हात आणि पावलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकला. खाली पहिलीच प्रतिक्रिया होती, 'यांना कुणीतरी बाहेर काढा.'

तर तिकडच्यांना धक्का बसला अनवाणी पायांचा. आपल्याला बसतो आडवं पडण्याचा. आपल्या पोरी नाचायच्या आधी भूमीला नमस्कार करतात, पाय लावणार म्हणून तिची क्षमा मागतात. इथे पायच काय, पाठ लावतात, खांदे लावतात, गाल लावतात, आणि क्षमाबिमा कुणी मागत नाही.

त्याच्यावर कडी म्हणजे कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन. आता कानात सांगते. १९७२ साली स्टीव्ह पॅक्सटन नावाच्या अमेरिकन नर्तकाने हे काढलं. त्याला ऐकिदो येत होतं, म्हणजे पडावं कसं हे तो शिकलेला होता. यात दोन माणसांनी एकमेकांवर वजन टाकायचं, स्पर्शाची जागा बदलत न्यायची आणि पुढे काय होईल ते आधी ठरवायचं नाही. शिव शिव! लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी गेल्या गुरुवारी आयटीत काम करणाऱ्या एका अनोळखी मुलाच्या पाठीवर आपलं संपूर्ण वजन टाकलं. घरी येऊन सांगत होत्या, 'इतका शांत उभा होता, हूं की चूं केलं नाही.' यजमान पेपरमधून मान वर न करता म्हणाले म्हणे, 'माझ्यावर पंचवीस वर्षं टाकते आहेस, त्याचं कुणी कौतुक केलं?'

परदेशी खूळ म्हणून पुणेकरांनी मात्र फार नाक मुरडू नये. उदय शंकर लंडनमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि १९२३ साली बॅले नर्तकी आना पाव्हलोवाबरोबर नाचायला लागले. पुढे त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं, तिथे परंपरेतल्या गुरूंकडून शिकायचं आणि शिवाय स्वतःच्या अंगातून नवीन काढायचं अशी रीत. त्या केंद्रात शिकलेला एक तरुण १९४४ साली आपल्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाला. १९४६च्या 'हम एक हैं'चं नृत्यदिग्दर्शन त्याचं. नाव गुरुदत्त. म्हणजे बाधा प्रभात रोडच्या वाटेनेच आलेली आहे. आणि नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखा कुठल्या? जन्म आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावचा, १९२८चा. चेन्नईत राहून भरतनाट्यममधली देवादिकांची आख्यानं त्यांनी बाजूला काढली आणि योग नि कळरीपयट्टूला त्याच्या शेजारी आणून बसवलं. १९८५ला 'अंगिका' केलं. सत्तरी उलटल्यावर, २००१ साली, 'शरीर': एक बाई, एक पुरुष, गुंदेचा बंधूंचं ध्रुपद आणि मुंगीलाही घाई वाटावी इतकी संथ हालचाल. सत्तरी उलटल्यावर, बरं का. आमच्या वहिनी अजून पोरसवदाच म्हणायच्या.

आता स्टुडिओंकडे येते. त्यात जे पाहिलं ते कुणाला सांगण्याची सोय नाही, म्हणून छापूनच टाकते.

पहिला पाहिला तो एका जिमच्या वर. जांभळे-निळे दिवे, भिंतीवर इंग्रजीत काहीतरी स्फूर्तिदायक आणि गाणं इतकं मोठं की शिकवणारा मुलगा ओरडून काय सांगतो ते ओठांवरून ओळखायचं. अंग गरम करायला पाच मिनिटं, मग चाळीस मिनिटं एकच तुकडा पुन्हापुन्हा आणि शेवटची पंधरा मिनिटं रीलची. ज्याला नाच येतो तो पुढे, ज्याने फी भरली तो मागे. दर वर्षी एक ॲन्युअल शो, त्याच्या पोशाखाचे पैसे वेगळे, आणि नातेवाइकांना तिकिटं आपणच विकायची. आमच्यातल्या एकीला तोच आवडला. तिला घाम गाळायचा होता आणि मुलीच्या मैत्रिणींनी आपल्याला रीलमध्ये बघावं असं वाटत होतं. मग त्यात वाईट काय? दोन्ही मिळालं तिला.

दुसरा एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. इथली बॅच पंचांगावर चालते. लग्नतिथी नसेल त्या दिवशी क्लास, मुहूर्त निघाला की सुट्टी. चातुर्मासात उत्तम चालतो, तुळशीचं लग्न लागलं की शिकवणं थंडावतं. आम्ही गेलो तेव्हा आदल्या दिवशी कुणाचं तरी शुभमंगल झालेलं होतं. पहिल्या लोळणीनंतर उठल्या तर वहिनींच्या पाठीला, केसांत, पॅडांच्या इलॅस्टिकमध्ये अक्षता. त्या झटकत शिकवणाऱ्या मुलाकडे बघून म्हणाल्या, 'आशीर्वाद मिळाले, आता शिकव.'

तिसरा डेक्कनला, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये. पाटी नाही, दिवे नाहीत, इन्स्टाग्रामवर शेवटचा फोटो कधीचा ते विचारू नका. शिकवणारी बाई शिडशिडीत, ढगळ पायजमा, आवाज इतका हळू की सगळे आपोआप गप्प. आल्याआल्या तिने प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारलं : काय दुखतं, कधी पडला होता का, बीपीच्या गोळ्या आहेत का, चक्कर येते का. वहिनींनी गुडघ्यांचा पूर्वेतिहास सांगायला घेतला तो तिने मुळापासून ऐकला, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. घरी कुणी ऐकतं का? मग सगळ्यांना आडवं पाडलं. वीस मिनिटं नाचबिच काही नाही. मणके एकेक करून जमिनीला द्या, म्हणे. डोकं जड होऊ दे. श्वास कुठवर जातो ते बघा. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. मी उचलून त्यांच्या कानाला लावला. पलीकडून, 'काय करतेस?' 'पडलेय.' 'पैसे भरून? मग घरी पड की.'

पण मी कोपऱ्यातून बघत होते. विसाव्या मिनिटानंतर तिने त्यांना कुशीवर यायला सांगितलं, मग गुडघा पोटाशी, मग कोपरावर भार, आणि हाताला धरून न उठवता या बाई जमिनीवरून उभ्या राहिल्या. एका हालचालीतून दुसरी निघत, मध्ये कुठे 'आई गं' नाही. दहा वर्षं खुर्ची मागणारी बाई! मी पर्सा खाली ठेवून बघत राहिले. घराबाहेर हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण लगेच 'तू कधी येतेस' सुरू होतं.

यात खरे तज्ज्ञ निघाले ते सी विंगमधले काका. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. बायको लोळायला जाणार, हे कळल्यावर त्यांनी विरोध केला नाही, फक्त म्हणाले, 'आधी जमीन बघतो.' आणि खरंच आले! प्रत्येक स्टुडिओत चपला दाराशी काढून, बरोबर मध्यभागी उकिडवे बसून, मंडईत कलिंगड वाजवून घेतात तशी बोटांच्या पेरांनी जमीन ठोकून बघायची. मग उभं राहून टाच आपटायची आणि कान द्यायचा. शिकवणारी पोरं थक्क. जिमवरच्या स्टुडिओत लाकडी फळ्यांची झकास जमीन दिसत होती. काकांनी टाच आपटली, आवाज ठप्प. म्हणाले, 'वर लाकडाची छपाई, खाली नुसता स्लॅब.' व्हिनाइलची शीट सिमेंटवर थेट चिकटवलेली. दिसायला श्रीमंत, द्यायला काही नाही. त्यावर रोज उड्या मारल्या की जो दणका जमिनीने घ्यायचा तो नडगी घेते, मग गुडघा, मग कंबर. मंगल कार्यालयात तर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. घाम सांडला की घसरगुंडी.

डेक्कनच्या शेडमध्ये मात्र टाच आपटल्यावर आवाज खोलवरून आला. काका तिथल्या तिथे पालथे पडले आणि कडेची फट शोधून आत टॉर्च मारला. खाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, सांगाड्याखाली रबराचे तुकडे, वर प्लाय, त्यावर न घसरणारी शीट. मधली पोकळी दणका गिळते आणि पायाला थोडं परतही देते. याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात हे त्यांनाच त्या बाईने सांगितलं. काका उठले, हात झटकले आणि म्हणाले, 'काम चोख आहे.' आयुष्यभर कंत्राटदारांची बिलं अडवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून काकू लाजल्या.

काही स्टुडिओंत एका भिंतीला इस्त्री केल्यासारखा सपाट आरसा असतो, छतापासून जमिनीपर्यंत. पहिल्या दिवशी सगळ्या बायका आरशात फक्त आपली पोटं बघत होत्या, हात कुठे गेले, पाय कुठे, काही पत्ता नाही. डेक्कनच्या बाईने आरशावर पडदा लावलेला होता आणि तोही घरच्या जुन्या साड्यांचा. इस्रायलच्या ओहाद नाहारीन यांनी 'गागा' नावाची पद्धत काढली, तिच्या वर्गात तर आरसाच नसतो. एकदा सुरू झालं की मध्ये थांबायचं नाही, उशिरा आलेल्याला प्रवेश नाही आणि बघ्यांना मज्जाव. बघ्यांना मज्जाव! म्हणजे पर्सा सांभाळायलासुद्धा कुणी नको? हे मला अजिबात पटलेलं नाही.

स्पर्शाचंही सांगायला हवं, कारण तिथेच आपली माणसं सगळ्यात जास्त कुजबुजतात. जिमवरचा मुलगा मागून आला आणि एकीचा खांदा धरून खाली दाबला, 'मॅम, लोअर, लोअर!' मॅम कळवळल्या. डेक्कनवाली आधी विचारते, 'पाठीला हात लावू का?' नाही म्हटलं तर स्वतःच्या पाठीवर दाखवते आणि पुढे जाते, तोंड वाकडं करत नाही. तिच्याकडे कॉन्टॅक्टचा दिवस वेगळा असतो, ज्याला नको त्याने त्या दिवशी येऊ नये, फी तेवढीच. सोसायटीत यावर ज्या रसभरीत कथा फिरतात त्या सगळ्या न गेलेल्यांनी रचलेल्या आहेत. मीही दोन रचल्या होत्या, चांगल्या चालल्या.

आता आयांचा आक्षेप. मुलीला कथकऐवजी इकडे घालायचं तर परीक्षा कुठली? हा प्रश्न पुण्यात प्राणवायूच्या खालोखाल महत्त्वाचा. रोहिणी भाटे यांची नृत्यभारती १९४७ पासूनची, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी स्वच्छ शिडी. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. लोळण्याचे मिळत नाहीत. एका आईने डेक्कनच्या बाईला विचारलं, 'मग तिला किती आलं हे आम्हाला कळणार कसं?' ती म्हणाली, 'तिला विचारा.' आई तिथून तडक कथकच्या क्लासला गेली. योग्यच केलं. ज्या मुलीला ताल, तोडे, पढंत यांत गोडी आहे, तिला ढगळ पायजमा घालून श्वास कुठवर जातो ते बघायला लावू नये. दोन्ही करणाऱ्याही आहेत, आणि त्यांची पाऊल ठेवण्याची सफाई लोळताना लगेच दिसते.

वयाबद्दल कुजबुज फार चालते म्हणून सांगते. जर्मनीतल्या वुपर्टाल गावी पीना बाउश नावाची थोर नृत्यदिग्दर्शिका होऊन गेली. तिने १९७८ साली 'कोन्टाक्टहोफ' हे नृत्यनाट्य केलं होतं. तेच २००० साली तिने पासष्टच्या पुढची गावातली साधी माणसं घेऊन पुन्हा उभं केलं. नर्तक नव्हेत, शेजारीपाजारी. सूट घालून, उंच टाचांवर, रंगमंचावर येऊन ती एकमेकांकडे बघतात, बिलगतात, ढकलतात. आपल्याकडे पासष्टच्या माणसांनी एकमेकांकडे फक्त रिपोर्ट दाखवण्यापुरतं बघायचं असतं. आणि पुण्यातच हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना घेऊन समकालीन नृत्याचं काम केलं आहे. पाऊल उचलता उचलत नाही अशी माणसं तालावर पाऊल टाकतात. हे ऐकल्यावर डी विंगमधले आजोबा, ज्यांनी या सगळ्याला 'नाचे लोक' म्हणून आधी नावं ठेवली होती, त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, 'खुर्चीवर बसून करतात असं काही असतं का?' असतं, म्हटलं. 'घरात बोलू नका,' म्हणाले. मी कशाला बोलू?

आता ताजी बातमी. क्लबहाउसमध्ये स्प्रंग फ्लोअर घालावा असा ठराव बी विंगने वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घुसवला आहे. डेक्कनला जाताना कर्वे रोडच्या वाहतुकीत पाऊण तास जातो, तो वाचेल, आणि त्या बाई आठवड्यातून दोनदा इथे यायला तयार आहेत. सी विंगच्या काकांनी आराखडा काढून दिला आहे, रबराच्या तुकड्यांच्या जाडीसकट. विरोधात टेबल टेनिसवाले. क्लबहाउसची टाइल गुळगुळीत आहे, टेबल हलत नाही, आणि तीस वर्षं तिथे खेळतो आहोत, ही त्यांची बाजू. सेक्रेटरींनी तडजोड म्हणून 'क्लबहाउसमध्ये आडवे पडण्यास मनाई आहे' अशी नोटीस लावली. रात्रीत कुणीतरी तिच्याखाली पेनने लिहिलं, 'सभेत झोपणाऱ्यांनाही लागू?' मतदान रविवारी आहे. टेबल टेनिसवाले बिनधास्त आहेत, त्यांची संख्या जास्त. पण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बायका कुठल्या बॅचला जातात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि प्रत्येक फ्लॅटचं मत एकच असतं, तेही ज्याच्या नावावर फ्लॅट असेल त्याचं. बी विंगमधले बरेच फ्लॅट बायकांच्या नावावर आहेत. स्टॅम्प ड्यूटीत सवलत मिळते म्हणून घेतले होते.